घरासाठी कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय, १२ व्होल्ट की १८? (नवीन फ्लॅट, पुनावळे)

मृण्मयी_पुनावळे

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या आधी आम्ही पुनावळ्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, अकरावा मजला, आणि आल्यापासून भिंतीवर एक गोष्ट लागलेली नाही. पाच खिडक्यांचे पडद्यांचे ब्रॅकेट, देवघराची फळी, किचनमध्ये मसाल्यांचा रॅक, मुलाच्या खोलीत पुस्तकांचं शेल्फ, बाथरूममध्ये टॉवेलची दांडी, सगळं बाकी आहे, पडद्यांच्या जागी चादरी बांधून बसलोय. माणूस बोलावला की उद्या येतो म्हणतो आणि आठवडा जातो, वर सोसायटीत दुपारी २ ते ४ ड्रिलिंग बंद आणि रविवारी पूर्ण दिवस बंद, त्यामुळे माझी सुट्टी आणि त्याची वेळ जुळतच नाही. म्हणून ठरवलं की आपणच ड्रिल घ्यायचं आणि आपणच करायचं, मला हे काम आवडतंही.

आधीच्या भाड्याच्या घरात ऑनलाइन मागवलेलं एक स्वस्तातलं कॉर्डलेस होतं, कंपनीचं नाव देत नाही, डब्यावर मोठ्या अक्षरात ४८ व्होल्ट. कपाटाचे स्क्रू, बिजागऱ्या वगैरे त्याने व्हायचं. पण इथे खिडकीच्या वर पहिलं भोक पाडायला गेले तर अर्धा सेंटिमीटर आत जाऊन बिट नुसतं जागेवर फिरत राहिलं, टोक निळं पडलं, आणि त्याच आठवड्यात बॅटरी कायमची गेली. सव्वा वर्ष चाललं जेमतेम. तशी बॅटरी कुठेच मिळत नाही, म्हणजे मशीन चांगलं असून नुसतं पडून.

आता बजेट साधारण ७ हजार. १२ व्होल्टचं घेऊ की १८? हॅमर असलेलंच घ्यावं का? ब्रशलेस म्हणजे नक्की काय आणि घरच्या कामाला त्याचे जास्तीचे पैसे द्यायचे का? आणि मुख्य म्हणजे चार-पाच वर्षं तरी टिकेल, बॅटरी मिळत राहील असं काय?

भोसरी_टूलरूम

मृण्मयी, मी वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला ३१ वर्षं काढली आहेत.

व्होल्टचं नंतर बघू. आधी हे सांग की त्या अर्धवट भोकातून जी भुकटी पडली तिचा रंग कोणता होता? लाल असेल तर विटांची भिंत. पांढरट करडी, हलकी, पिठासारखी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे ते मोठे पांढरे हलके ठोकळे. आणि गडद करडी, बारीक, कमी पडणारी आणि बिट पुढेच सरकत नाही, तर आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट. प्रत्येक खोलीत एका कोपऱ्यात, जिथे नंतर फर्निचर येईल तिथे, छोटं भोक पाडून हे बघून घे, प्लास्टरचा पहिला थर सोडून दे, त्याच्या आतलं बघ.

हे इतकं का विचारतोय तर लोक नव्वद वेळा ड्रिलला शिव्या देतात आणि दोष असतो जागेचा. पडद्याचे ब्रॅकेट कुठे लागतात, खिडकीच्या वर. आणि खिडकीच्या वर काय असतं, लिंटेल. जुन्या कोथरूड-सहकारनगरच्या विटांच्या बिल्डिंगमध्येसुद्धा खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा असतोच, तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण वीतभर पुढे गेलेला असतो, आणि आपला ब्रॅकेट बरोब्बर त्याच्यावर येतो. बाकी घरभर भोकं पडतात आणि खिडकीवर अडतं ते त्यामुळे.

दुसरं हॅमरचं. छोट्या कॉर्डलेस ड्रिलवर जे हातोडीचं चिन्ह असतं त्याच्या आत दोन दातेरी चकत्या असतात, त्या एकमेकींवर घासत टकटक करतात. मिनिटाला वीस हजारांच्या आसपास ठोके, पण प्रत्येक ठोका अगदी हलका, आणि तो तू मागून किती दाबतेस त्यावर अवलंबून. विटेला ते भरपूर झालं. काँक्रीटला पुरत नाही. रोटरी हॅमर ही वेगळी वस्तू आहे, त्यात पिस्टन असतो, तो मध्ये कोंडलेल्या हवेच्या जोरावर बिटच्या मागे घाव घालतो. बॉशचं जीबीएच २-२६ साइटवर सगळीकडे दिसतं, त्याचे मिनिटाला ४,००० ठोके पण एकेक घाव २.७ जूलचा (जूल म्हणजे घावाची ताकद मोजायचं माप). ठोके पाचपट कमी आणि काम कितीतरी पटींनी जास्त. त्याला बिटही वेगळं लागतं, एसडीएस प्लस, मागच्या बाजूला खाचा असलेलं, नेहमीच्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, ते धरत नाही.

भुकटीचा रंग कळव, मग पुढचं सांगतो.

मृण्मयी_पुनावळे

काका एकेरीच बरं वाटतं. आत्ता मुलाला झोपवून शेजाऱ्यांकडचं वायरवालं ड्रिल आणून चार ठिकाणी बघितलं (सात वाजायच्या आत!). सगळीकडे करडी. खिडकीच्या वर करडी, हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीतही करडी, किचनमध्येही. लाल कुठेच नाही. ठोकून बघितलं तर सगळ्या भिंतींचा आवाज एकसारखा बद्द येतो. पझेशनच्या वेळी दिलेल्या फाइलमध्ये बघितलं तर ॲल्युमिनियम फॉर्मवर्क असं लिहिलंय.

साइटवरचा_संदीप

मग ताई तुमची मायवानची बिल्डिंग आहे. वाकड, पुनावळे, हिंजवडी, खराडीकडे गेल्या काही वर्षांत जे उंच टॉवर झालेत त्यातले बरेच असेच आहेत, ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकाच वेळी ओततात, वीट नाहीच. भिंत पातळ असते पण पूर्ण आरसीसी, आत सळईची जाळी. मी इंटिरियरची कामं घेतो, अशा फ्लॅटमध्ये आमची पोरं साधं ड्रिल घेऊन जातच नाहीत, रोटरी हॅमरच नेतात.

तर तुमच्या प्रश्नाचं माझ्या अनुभवातून उत्तर असं की ७ हजारात एकच मशीन घेऊन सगळं होईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तुमची कामं दोन तऱ्हेची आहेत. भिंतीतली भोकं, ती पडद्यांची पाच खिडक्यांची दहा ब्रॅकेट, प्रत्येकाला दोन म्हणजे वीस, शेल्फ-रॅक धरून फार तर चाळीस, आणि ती एकदाच करायची. आणि दुसरं म्हणजे स्क्रू, बिजागऱ्या, फर्निचर जोडणं, लाकडात-पत्र्यात भोकं, हे आयुष्यभर दर महिन्याला निघतं. पहिल्यासाठी वायरवालं रोटरी हॅमर एक दिवस भाड्याने आणा, हार्डवेअरवाल्याला विचारलं तर तो देतो नाहीतर कोण देतं ते सांगतो, सगळ्या भोकांच्या खुणा आदल्या दिवशी पेन्सिलने करून ठेवा आणि शनिवारी सकाळी दोन तासात उरका. आणि दुसऱ्यासाठी चांगल्या कंपनीचं १२ व्होल्टचं घ्या, ते तुमच्या बजेटात बसतं. बॉशचं जीएसबी १२०-एलआय किंवा मकिताचं एचपी३३३डी, दोन्ही १० मिमी चकवाली, दोन गियर, हॅमर पण आहे (ते विटेच्या भिंतीला, आईबाबांचं घर जुनं असेल तर तिथे उपयोगी पडेल). वजनाला हलकं असल्यामुळे डोक्याच्या वर हात करून काम करताना मनगट भरून येत नाही, हे स्टुलावर चढल्यावर कळतं.

एक महत्त्वाचं, रोटरी हॅमर चालवताना अंगाचा जोर देऊन दाबायचं नाही, नुसतं सरळ धरायचं, घाव मशीन घालतं. नवीन माणूस भिंतीत घुसवायला जातो आणि बिट वाकडं होतं, भोक मोठं होतं, मग भोकात स्क्रूसाठी बसवतो तो प्लग सैल.

सिंहगडरोड_निखिल

मला १२ व्होल्टचं पटत नाही. मी आधी १२ घेतलं आणि दोन वर्षांत विकून १८ घेतलं, कारण १८ व्होल्टची बॅटरी एकदा घरात आली की त्याच बॅटरीवर जिगसॉ, ग्राइंडर, ब्लोअर, सगळं चालतं, बॅटरी-चार्जरशिवाय नुसतं मशीन घ्यायचं म्हणजे स्वस्त पडतं. ताकदही साधारण दुप्पट, माझ्या १८ चा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ५० न्यूटन मीटरच्या वर आहे आणि १२ चा ३० होता. लाकडात मोठं भोक पाडायचं, गच्चीवर पत्र्याचं काम करायचं तर फरक कळतो. १३ मिमी चक मिळतो ते वेगळंच. बजेट थोडं वाढवता येत असेल तर १८ बघा, आणि ब्रशलेस असेल तर अजून चांगलं, त्यात मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश नसतात म्हणजे ते झिजायचा प्रश्न नाही, मोटर कमी तापते आणि एका चार्जमध्ये जास्त काम.

भोसरी_टूलरूम

निखिलचं बरोबर आहे पण ते त्याच्यासाठी बरोबर आहे, त्याला ग्राइंडर-जिगसॉ लागतात. मृण्मयीच्या यादीत तसं काही नाही. आणि १८ व्होल्टचं साधं हॅमर ड्रिल घेऊनही तिच्या भिंतीत ८ मिमीचं भोक सुखाने पडणार नाही, यंत्रणा तीच दातेरी चकत्यांची. एखाद-दोन पडतील, चाळीस पडायची नाहीत. त्यामुळे मी संदीपच्या बाजूने. ब्रशलेसबद्दल, घरी वर्षाला फार तर वीस-तीस तास मशीन चालतं, तेवढ्यात कार्बन ब्रश झिजत नाहीत, कारखान्यात दिवसभर चालवणाऱ्याला तो फरक पैशात दिसतो. त्याच पैशात दुसरी बॅटरी घे.

आता बॅटरीचं सविस्तर सांगतो कारण तुझं मशीन बॅटरीनेच गेलंय. ही लिथियम आयनची बॅटरी म्हणजे आत छोटे गोल सेल असतात, बऱ्याचदा १८६५० नावाचे, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. एका सेलचा व्होल्टेज ३.६. तीन सेल एकामागे एक जोडले की १०.८, त्यालाच १२ म्हणतात. पाच जोडले की १८. पूर्ण चार्ज केल्यावर प्रत्येक सेल ४ व्होल्टच्या वर जातो म्हणून तीच पाच सेलची बॅटरी २० व्होल्ट म्हणून विकता येते, डीवॉल्ट अमेरिकेत २० मॅक्स लिहितं आणि युरोपात १८ लिहितं, वस्तू तीच. त्यामुळे १८ आणि २० मध्ये निवड करत बसू नकोस. तुझ्या डब्यावरच्या ४८ ला मात्र काही आधार नाही, त्याला तेरा सेल लागले असते आणि बॅटरी चांगली विटेएवढी झाली असती. तुझी बॅटरी उघडली तर आत पाचच निघतील, किंवा त्याहून कमी.

अँपियर-तास म्हणजे टाकीचा आकार. १२ ला २ अँपियर-तासची बॅटरी घरी पुरते, पण दोन असाव्यात, एक लावलेली आणि एक चार्जवर.

बॅटरी टिकवायची असेल तर पूर्ण रिकामी करून कपाटात टाकू नकोस, सेल एका मर्यादेच्या खाली गेला की चार्जर त्याला परत घेत नाही, मला वाटतं तुझ्या बॅटरीचं तेच झालं असावं, काँक्रीटवर झगडून गरम झाली, रिकामी झाली आणि तशीच राहिली. अर्ध्या चार्जवर ठेवायची, दोन-तीन महिन्यांनी बघायची. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत अजिबात नाही. काम करून बॅटरी हाताला गरम लागत असेल तर अर्धा तास थांबून मग चार्जला लाव.

वैशाली_रविवार_पेठ

ताई, मी पण घरातली सगळी ठोकाठोक स्वतः करते म्हणून राहवलं नाही. ऑनलाइन घ्यायच्या आधी एकदा बोहरी आळीत जाऊन या, रविवार पेठेत, पुण्यातला हार्डवेअर आणि टूल्सचा जुना बाजार तोच. सकाळी अकराच्या सुमारास जा, गाडी लांब लावा आणि चालत फिरा. मशीन हातात धरून बघा, ट्रिगर हळूहळू दाबल्यावर स्पीड हळूहळू वाढतो का, चक हाताने फिरवून डुगडुगतो का, हे फोटोत कळत नाही. आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "याची नुसती बॅटरी आत्ता तुमच्याकडे आहे का?" असेल तर ते मशीन घ्या. मागवून देतो म्हणाला तर पुढचं दुकान.

एक फसगत होते ती सांगते. एकाच कंपनीच्या बॅटऱ्या एकमेकींना बसतीलच असं नाही. मकिताच्या १८ व्होल्टमध्ये एलएक्सटी आणि जी सिरीज अशा दोन वेगळ्या आहेत, बॉशचं निळं आणि हिरवं वेगळं. पुढे दुसरं मशीन घ्यायचा विचार असेल तर आधीच बघून घ्या.

आणि कृपा करून बिटवर पैसे वाचवू नका. मशीनबरोबर जो शंभर तुकड्यांचा डबा फुकट येतो त्यातली निम्मी बिट पहिल्याच दिवशी बोथट होतात. चार चांगली घ्या, रोटरी हॅमरसाठी एसडीएस प्लस ६ आणि ८ मिमी कार्बाइड टोकाची, लाकडाचं एक ५ मिमी, पत्र्याला एचएसएस (हायस्पीड स्टील) एक ४ मिमी, झालं. प्लग पण चांगले नायलॉनचे. आपण ज्याला फिशर म्हणतो ते आर्टुर फिशर नावाच्या जर्मन माणसाने १९५८ मध्ये काढलं, तोपर्यंत लोक भोकात लाकडाची गुटकळी ठोकून त्यात स्क्रू मारायचे, आमच्या वाड्यात अजून तशा गुटकळ्या आहेत आणि पावसाळ्यात फुगून प्लास्टर सोडवतात. ६ च्या प्लगला ६ चंच बिट, ८ ला ८ चं, आणि भोक प्लगपेक्षा एक सेंटिमीटर खोल, बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की मोजत बसावं लागत नाही. भोकातली भुकटी फुंकून नाही, जुन्या ब्रशने किंवा व्हॅक्युमने काढा, भुकटी राहिली की प्लग पकडत नाही. फुंकलं तर डोळ्यात जाते, चष्मा घालाच.

बाथरूमच्या टाइलला हॅमर चालू करायचाच नाही हे लक्षात ठेवा. साधी सिरॅमिक टाइल असेल तर भाल्याच्या टोकासारखं टाइलचं बिट मिळतं ते, व्हिट्रिफाइड असेल तर डायमंडचं पोकळ बिट, टाइलवर मास्किंग टेप लावून त्यावर खूण, स्पीड कमी, मध्ये मध्ये पाणी. टाइल पार झाल्यावर मग मागच्या काँक्रीटला हॅमर. शक्य असेल तर दोन टाइलच्या सांध्यात भोक येईल अशी दांडी लावा.

साइटवरचा_संदीप

वैशाली ताईंनी टाइलचं सांगितलं ते शंभर टक्के. मी दोनच जोडतो. मायवानमध्ये वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच आत टाकलेले असतात, नंतर नुसतं भिंतीकडे बघून कळायला मार्ग नाही, म्हणून स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, आणि बाथरूममध्ये नळाच्या रेषेत नाही. बिल्डरच्या फाइलमध्ये लाइनचा नकाशा असतो तो आधी काढा. आणि दुसरं, मध्येच बिट किंचाळल्यासारखा आवाज करून थांबलं आणि भुकटीत चमक दिसली तर सळई लागली, तिथे थांबायचं, जोर करून कापायची नाही, इंचभर बाजूला सरका. ब्रॅकेटला एक्स्ट्रा पट्टी लावून जुळवता येतं.

मृण्मयी_पुनावळे

सगळ्यांना काय झालं ते सांगायला आले, तीन आठवडे लागले.

बोहरी आळीत गेले, तिसऱ्या दुकानात नुसती बॅटरी समोर काढून ठेवली म्हणून तिथेच १२ व्होल्टचं घेतलं, दोन बॅटऱ्या, एक चार्जर, बजेटच्या थोडं वर गेलं पण चालेल. ब्रशवालंच घेतलं. त्याच दुकानातून एसडीएसची ६ आणि ८ ची बिट घेतली, आणि रोटरी हॅमर आमच्याच सोसायटीत एका काकांकडे निघालं, त्यांनी भाडं न घेता दिलं आणि पहिलं भोक कसं पाडायचं ते उभं राहून दाखवलं. शुक्रवारी रात्री सगळ्या खुणा केल्या, लेव्हल लावून. शनिवारी सकाळी दहाला सुरू केलं. ज्या खिडकीवर जुनं मशीन अर्ध्या सेंटिमीटरला अडलं होतं तिथेच पहिलं केलं, मोजून दहा सेकंदात पाच सेंटिमीटर आत. मला खरंच भरून आलं, एवढे दिवस मला वाटत होतं की माझ्याच हाताला जमत नाहीये.

एकूण ३४ भोकं झाली, दोन ठिकाणी सळई लागली, अगदी संदीपदादा म्हणाले तसा आवाज, एका ठिकाणी ब्रॅकेट वर सरकवला आणि दुसऱ्या ठिकाणी शेल्फच इंचभर डावीकडे घेतलं. नंतर सगळे स्क्रू नवीन मशीनने बसवले. काका, क्लचची, म्हणजे किती जोर लागल्यावर बिट फिरायचं थांबावं ते ठरवणारी, आकडेवाली रिंग आधीच्या मशीनला पण होती पण मी कधी फिरवलीच नव्हती, आता ६ वर ठेवून सुरू केलं आणि लागेल तसं वाढवत गेले, प्लगमध्ये स्क्रू पूर्ण बसला की कट्कट् करून आपोआप थांबतं, एकाही स्क्रूचं डोकं गेलं नाही.

देवघराची फळी लागली, पडदे लागले. बाथरूमची दांडी राहिलीये, टाइलचं बिट आणून ठेवलंय आणि सांध्याच्या खुणा केल्यात, येत्या शनिवारी चारनंतर करते. दुसरी बॅटरी अर्धी चार्ज करून कपाटात ठेवलीये.

भोसरी_टूलरूम

छान केलंस. दांडीच्या वेळी डायमंडचं पोकळ बिट असेल तर टाइलला पहिला ओरखडा पडेपर्यंत ते थोडं तिरकं धर, मग सरळ कर, नाहीतर गुळगुळीत पृष्ठभागावर घसरतं. आणि पाणी दुसऱ्याला स्प्रेने मारायला सांग, तू दोन्ही हातांनी मशीन धर, मशीनच्या अंगावर पाणी जाऊ देऊ नकोस.